कोहमाऱ्याचा खण

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं आजवर एकदाच खरं भांडण झालं, आणि ते ईमेलवरून झालं. स्वयंपाकावरून नाही, माहेरी जाण्यावरून नाही, ईमेलवरून. लोकांना सांगितलं तर हसतात. आता मीही हसते. तेव्हा मात्र मी दोन दिवस त्यांच्यासमोर ताट आपटून वाढत होते आणि ते मुकाट्याने जेवून उठत होते.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी रेल्वेच्या टपालडब्यात सॉर्टर होते. म्हणजे धावत्या गाडीत उभं राहून पत्रं निवडायची, समोरच्या खणांत गावागावाप्रमाणे टाकायची आणि ते गाव यायच्या आत त्याचं पोतं बांधून दारात तयार ठेवायचं. सगळी नोकरी त्यांनी हेच केलं. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, तरी आजही आमच्या घरात भाजी आली की ते ती पिशवीतून काढून सुपात वेगवेगळी लावतात आणि पिशवी उलटी करून झटकतात. मी गोंदियातल्या एका खाजगी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, कुडव्याहून रोज स्कूटीने जाते-येते. नवरा राईस मिलवर असतो. ईमेल म्हटलं की त्याला जांभई येते, म्हणून या गोष्टीत तो नाही.

मामाजींच्याच पाळीत, त्यांच्या समोरच्या खणांशी उभे राहून काम केलेले एक जोडीदार आहेत. मी त्यांना काकाजी म्हणते. ते कोहमाऱ्याला राहतात, चौकाजवळ, मुलाच्या ढाब्यामागच्या खोलीत. डब्याचा खडखडाट ऐकून ऐकून काकाजींचे कान गेले. कानात घालायचं यंत्र मुलाने आणून दिलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते चष्म्याच्या घरात बंद करून टाकलं. त्यामुळे फोन नाही. मोबाईलवर लिहायचं तर दोघांचीही बोटं अशी की एक अक्षर दाबलं की शेजारची तीन उमटतात. राहिली चिठ्ठी. आमच्या शाळेने जुने कॉम्प्युटर मोडीत काढले तेव्हा मी दोन घेतले होते, एक मामाजींसाठी आणि एक काकाजींसाठी. तेव्हापासून सहा वर्षं या दोन म्हाताऱ्यांचा पत्रव्यवहार चालू होता. आठवड्याला दोन-तीन पत्रं, जाडजूड.

बरं, कोहमारा काही सातासमुद्रापार नाही. गोरेगावच्या रस्त्याने बसमध्ये बसलं की तास-दीड तासात माणूस पोचतो. मामाजी जातही असत, महिन्या-दोन महिन्यांनी. पण भेटले की मामाजी बोलणार, काकाजी ‘काय?’ म्हणणार, मग मामाजी ओरडणार आणि ढाब्यावर जेवणारे सगळे ड्रायव्हर रोटी हातात धरून ऐकणार. पत्रात मात्र दोघं मोकळे असायचे. मामाजी इथलं लिहीत: शेजाऱ्याची भाताची रोवणी, कोणती गाडी किती उशिरा आली, माझ्या हातची आंबील बिघडली. काकाजी खाटेवर बसून हायवेवरचे ट्रक बघत आणि पाटीवरून कोणत्या राज्याचा ते ओळखत. ‘आज राजस्थानचे चार, हरियाणाचा एक, अन् नागालँडचा एक होता बावा, तो इकडे काऊन आला असंल?’ अशी त्यांची पत्रं. अर्धं पान ट्रकच असत. मामाजी ते वाचताना मान हलवत, जणू एवढ्यावर कुठेतरी सही करायची आहे.

मग ट्रक कमी होऊ लागले. एका पत्रात ‘आज पाट्या नीट दिसल्या नाही, धुकं असंल’ असं आलं. दुसऱ्या पत्रात ट्रक नव्हतेच. तिसऱ्यात काकाजींनी सरळ लिहिलं की सुनेने नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब आहेत, जिकडे बघावं तिथेच मधोमध डाग येतो. मोठं अक्षर असेल तर अजून काही महिने वाचता येईल. पुढे चालता-फिरता येईल, माणूस आला-गेला कळेल, पण वाचणं संपेल. ‘म्हणून जे लिहाचं ते लिहून टाक, मागून म्हणशीन सांगतलं नाही’, असा शेवट होता.

मामाजींनी ते पत्र मला दाखवलं नाही, मीच त्यांच्या पाठीमागून वाचलं. ऐकू येत नाही आणि आता वाचताही येणार नाही, म्हणजे या माणसापर्यंत पोचायचं कसं, हा प्रश्न मला तिथेच उभ्या उभ्या पडला. मामाजींनाही पडला असणार. त्या दिवसापासून ते रोज लिहायला लागले.

आणि नेमकं त्याच महिन्यात आमच्या कॉम्प्युटरवर मेलचं पान उघडेनासं झालं. मेलच्या कंपनीने ते पान नवं केलं होतं. आमचं मशीन जुनं, त्याला ते पेलेना. एक गोल चक्र फिरत राहायचं आणि मामाजी त्या चक्राकडे बघत बसायचे. मी त्यांना म्हटलं, नवीन कॉम्प्युटर घेऊ. ते नको म्हणाले. कंजूषपणा नव्हता त्यात. ‘त्याच्याजवळ बी हेच मशीन हाय,’ ते म्हणाले. ‘इथं जे चालंल तेच तिथं चालंल. मी नवं घेईन अन् तो तिकडे बसून राहीन चक्र पाहत.’ मुद्दा बरोबर होता. चार दिवस झाले, पाच झाले. सहाव्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तर मामाजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

‘बाई, त्याचे डोळे जाऊन राहिले अन् मी इथं नुसता बसून राहिलो,’ ते म्हणाले. ‘काही तरी कर ना वो.’

लग्न होऊन मी या घरात आले त्याला वीस वर्षं झाली. त्या वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असं हे पहिल्यांदाच. मला इतकं भरून आलं की मी ‘हो’ म्हटलं आणि भाजी डब्याऐवजी ओट्यावर वाढली.

उपाय मला ठाऊक होता. मेल बघायला कंपनीचं पान उघडायलाच पाहिजे असं नाही. आपल्या कॉम्प्युटरवर एक वेगळा प्रोग्राम टाकायचा. तो गुपचूप जाऊन आपली पत्रं घेऊन येतो, आपण घरात बसून वाचायची, लिहायची, तो जाऊन देऊन येतो. असे कितीतरी प्रोग्राम फुकट मिळतात, आणि फुकट म्हणजे चोरीचे नाहीत, ओपन सोर्स. मामाजींचा पहिला प्रश्न होता, ‘हे कोणाचं हाय?’ मी म्हटलं, गावची बोडी कोणाची असते? साऱ्यांची. ज्याला पाणी पाहिजे तो घेतो, अन् ज्याला गाळ काढता येतो तो गाळ काढतो. त्यांना ते लगेच पटलं. नवऱ्याला हीच गोष्ट मी तीनदा समजावली होती आणि तिन्ही वेळा त्याने ‘पण मग कंपनीला काय मिळतं?’ असं विचारलं होतं.

शाळेत मी मुलांना शिकवते की काम हाती घेतलं की आधी गरज काय ते कागदावर लिहून काढा. स्वतः मात्र तसलं काही न करता सगळ्यांत नावाजलेला प्रोग्राम उतरवून घेतला. दोन पद्धती असतात, एकीत पत्रं कंपनीकडेच राहतात आणि आपण तिथली बघतो, दुसरीत ती घरी आणून ठेवतो, हे मी मामाजींना सांगितलं.

‘चिठ्ठी आपली अन् ठेवाची दुसऱ्याच्या घरी?’ ते म्हणाले. ‘घरी आण.’

मग मी दुसरी पद्धत लावली. तिथे एक चौकोन असतो, पत्र घरी आणलं तरी त्याची एक प्रत कंपनीकडे राहू द्यायची का, असं विचारणारा. मी त्यावर बरोबरची खूण केली, म्हणजे काही झालं तरी एक प्रत वर सुरक्षित. सहा वर्षांची पत्रं उतरायला अर्धा दिवस लागला. मामाजी खुर्ची ओढून बसले होते आणि खालचा आकडा वाढताना बघत होते. चहा तिथेच, जेवण तिथेच. संध्याकाळी त्यांनी डाव्या बाजूला एक नवा खण केला, त्याला ‘कोहमारा’ नाव दिलं आणि काकाजींची सगळी पत्रं त्यात टाकली. माणसाचं नाव नाही दिलं. सॉर्टरला माणूस नसतो, गाव असतं.

तो प्रोग्राम चांगला होता, पण आमच्या मशीनला जड होता. त्यात कॅलेंडर होतं, गप्पांची खिडकी होती, बातम्या होत्या, आणि उघडायला एवढा वेळ लागायचा की मामाजी बटण दाबून जास्वंदीची फुलं तोडायला जायचे आणि परत यायचे. ‘मले चिठ्ठी पाह्याची हाय बाई, बाजार नाही मांडाचा,’ असं त्यांनी आठ दिवसांनी सांगितलं. मला राग आला, कारण तो प्रोग्राम मी निवडला होता. पण रविवारी दुपारी मी तो काढला. मी नीटनेटकी बाई आहे. अर्धवट काही ठेवायची मला सवय नाही. प्रोग्राम काढला, मग त्याने ज्या फोल्डरात पत्रं साठवली होती तो फोल्डरही पुसला, मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. काळजी काय, वर प्रत होती. मग दुसरा एक प्रोग्राम टाकला, दिसायला फार गोड, आणि पत्रं उतरवायला लावली.

एक पत्र उतरलं. त्या दिवशी सकाळी आलेली कंपनीची जाहिरात. बास.

मी पुन्हा लावलं. पुन्हा एकच. मी मोबाईलवर कंपनीचं पान उघडून बघितलं. मामाजींनी पाठवलेली सगळी पत्रं तिथे होती, आलेल्या पत्रांचा कप्पा मात्र झाडून पुसून स्वच्छ. 

‘मामाजी,’ मी विचारलं, ‘तो चौकोन होता ना, प्रत वर राहू द्या म्हणून, त्याला तुम्ही हात लावला का?’

‘काढली ना ती खूण. पहिल्याच दिवशी काढली.’

‘काऊन काढली?’

‘काऊन म्हणजे?’ त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. ‘टपाल काढल्यावर पोत्यात चिठ्ठी काऊन राहीन? पोतं उलटं करून झटकाचं असते बाई. एक जरी चिठ्ठी आत राहिली तं ड्युटीवरच्या माणसाले मेमो भेटते.’

माणूस खोटं नव्हता बोलत. जन्मभर जे केलं तेच त्यांनी केलं होतं. पोतं उलटं करून झटकलं होतं, आणि त्यातलं जे निघालं ते मी कचऱ्यात घालून कचराही जाळून आले होते. आम्ही दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं, आणि त्या चोखपणात काकाजींची सहा वर्षं गेली.

बरं, दुसरे लोक उत्तर लिहितात तेव्हा खाली आधीचं पत्र आपोआप चिकटून येतं, तशीही सोय नाही. हे दोघं कधी ‘उत्तर द्या’ चं बटण दाबतच नसत. आलेल्या चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर लिहिणं हा भिकारपणा, असं दोघांचं मत. प्रत्येक वेळी कोरं पान. पुसलेलं परत मिळवून देणारे प्रोग्रामही मी चालवून बघितले, हाती आले ते चार अक्षरांचे तुकडे.

मामाजी म्हणाले, ‘इतकी नोकरी केली, माह्या हातून एक चिठ्ठी नाही हरवली.’

एवढंच. पण ते मला इतकं लागलं की मी म्हटलं, ‘मग आताही नाही हरवली. तुम्हीच पोतं झटकलं.’ आणि उठून आत गेले. हे माझं बोलणं मला आजही आठवतं आणि आजही लाज वाटते. सासऱ्यांना कोणी असं बोलतं का? पण मी बोलले. पुढचे दोन दिवस ताट आपटण्याचे, ते वर सांगितलंच.

रागात एक चांगलं काम होतं माझ्याकडून. मी त्या संध्याकाळी कागद घेतला आणि जे आठ दिवस आधी लिहायला हवं होतं ते लिहिलं. मशीन जुनं आहे, तर प्रोग्राम हलका पाहिजे. देवनागरी नीट दिसली पाहिजे. दुसऱ्या प्रोग्राममध्ये काना एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे जात होती. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, काकाजींना अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता आलं पाहिजे. यातूनच मला कळलं की फुकटच्या यादीतला जो एक प्रोग्राम मी गावंढळ म्हणून सोडून दिला होता तोच आपल्या कामाचा. राखाडी रंगाचा, रूप ना रंग, चित्रं दाखवत नाही, रंगीत अक्षरं पाठवत नाही. पत्र म्हणजे नुसता मजकूर. आणि म्हणूनच पाठवणाऱ्याने कसंही लिहिलेलं असो, वाचणारा आपल्या डोळ्यांना झेपेल एवढं अक्षर करून घेऊ शकतो. बटण दाबलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडतो. वर प्रत ठेवायची खूण केली, आणि तिला हात लावायचा नाही हे एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं. मामाजींशी बोलत नव्हते ना.

तिसऱ्या दिवशी मी सगळं नीट चालतंय का ते बघायला पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला. मामाजींनी नव्या प्रोग्राममधून पहिलं पत्र कोहमाऱ्याला पाठवलं होतं. तीनच ओळी होत्या. ‘सुनेनं नवीन लावून देल्लं. चांगलं चालते. तुह्या साऱ्या चिठ्ठ्या गेल्या, चूक माही हाय, तिची नाही.’

मी पदर डोळ्यांना लावला आणि मग सरळ जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकला. साखर जास्त पडली. त्यांनी चहा प्यायला आणि ‘गोड झाला’ एवढंच म्हणाले. आमचं भांडण तिथे मिटलं.

काकाजींचं उत्तर त्याच दुपारी आलं. त्यांच्या मशीनवरही ते चक्रच फिरत होतं, म्हणून ते कसंतरी मुलाच्या मोबाईलवरून लिहिलेलं होतं, अक्षरं गाळलेली. मतलब एवढाच, की मी पाठवलेल्या साऱ्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत, एक एक परत पाठवतो.

मामाजी ताडकन उठले. ‘नाही नाही. डोळे कायले खराब करते तो? जेवढे उरले तेवढ्यात नवीन वाच म्हणा. जुनं कायले उकरून राहिला?’

मी म्हटलं, त्यांना काहीच करावं लागणार नाही. मी पेनड्राइव्ह घेऊन जाते, दहा मिनिटांत सगळं भरून आणते, आणि हा नवा प्रोग्राम त्यांच्याकडेही टाकून देते. शनिवारी शाळा अर्धी असते. शनिवारी दुपारी आम्ही दोघं बसने कोहमाऱ्याला गेलो.

काकाजींना मी वर्षभराने बघत होते. ते खाटेवर बसले होते आणि माझ्याकडे बघताना माझ्या कानाच्या बाजूला बघत होते. तिरकं बघितलं की थोडं दिसतं, हे मला नंतर त्यांच्या सुनेने सांगितलं. मी कामाला लागले. प्रोग्राम टाकला, आलेली-पाठवलेली सगळी पत्रं उतरवली, आणि मग अक्षर वाढवत नेलं. काकाजी पडद्याजवळ मान तिरकी करून बसले होते आणि हाताने खुणावत होते, अजून, अजून. एका ओळीत पाच शब्द मावतील एवढं झालं तेव्हा त्यांचा हात थांबला. ते मोठ्याने वाचू लागले. मामाजींचंच जुनं पत्र होतं, शेजाऱ्याच्या रोवणीचं. बहिऱ्या माणसाचा आवाज तो, बाहेर बाजेवर बसलेले दोन ड्रायव्हर वळून बघायला लागले.

मग मी पेनड्राइव्ह लावायला गेले. काकाजींनी त्या जागेवर तळहात ठेवला.

‘ते नको बाई,’ ते म्हणाले. ‘न पाहता टपाल पुढं ढकलत नाही.’

मामाजींनी त्यांना कानाशी तोंड नेऊन समजावलं. मग ओरडून समजावलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी कीबोर्ड ओढला आणि त्या भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘डोळे वाचव.’

काकाजींनी मान तिरकी करून वाचलं. ‘वाचवून कोणाले देऊ?’ ते म्हणाले. ‘नवीन काय राहते बे? तू आज काय खाल्लं ते. जुनंच पाह्याचं हाय मले. माही चिठ्ठी पाठवाची तं तुही आधी पाहा लागंल ना, कायच्यावर लिवली होती ते.’

मी हळूच म्हटलं, ‘मामाजी, मी गुपचूप भरून घेते. त्यांना कळणारही नाही.’

मामाजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकली. ‘राहू दे,’ ते म्हणाले. ‘त्याची पाळी हाय.’

त्या दिवसानंतर पत्रं येऊ लागली. सगळ्यांत जुन्यापासून सुरुवात. दिवसाला दहा, कधी बारा. मामाजी आंघोळ करून बसत, पत्र वाचत आणि कोहमाऱ्याच्या खणात टाकत. प्रत्येक पत्राच्या वर काकाजी आता एक नवी ओळ लिहून पाठवत होते. ‘तो नागालँडचा ट्रक, वाट चुकला होता, ड्रायव्हर जेवून गेला, म्या तुले सांगतलंच नव्हतं.’ ‘इथं म्या खोटं लिवलं होतं, तब्येत बरी नव्हती.’ ‘वहिनी गेली त्या हप्त्यातली चिठ्ठी. चांगली नाही लिहाले जमली, माफ कर.’ ही शेवटची मामाजींनी मला बोलावून दाखवली. वहिनी म्हणजे माझ्या सासूबाई. त्या गेल्या तेव्हा मामाजी आठ दिवस कोणाशी बोलले नव्हते. त्यांनी त्या काळात काकाजींना रोज लिहिलं होतं हे मला तेव्हा, इतक्या वर्षांनी, त्या पत्रातून कळलं.

मी तेव्हा रोज शाळेतून आले की आधी विचारायचे, आज कुठवर आलं? मला त्या पत्रांची सवय लागली होती. आणि भीतीही वाटायची, कारण वरच्या ओळी आखूड होत चालल्या होत्या. आधी दोन ओळी असत, मग एक, मग चार शब्द, त्यांतही एक-दोन चुकलेले. दिवसाला दहाची पाच झाली, पाचाची दोन. एका मंगळवारी एकच पत्र आलं आणि त्याच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. बुधवारी आलं नाही. मामाजी प्रोग्रामचं ‘पत्रं आणा’ चं बटण दाबत राहिले. दर वेळी तो जाऊन येई आणि नवीन काही नाही असं सांगे. सहा वर्षांतली जवळजवळ चार वर्षं परत आली होती.

शुक्रवारी काकाजींच्या सुनेचा फोन आला. बाबांना आता पडद्यावरचं काहीच वाचता येत नाही म्हणाली. खाटेवर बसून असतात, जेवतात, पण काही विचारावं तर कसं विचारावं?

‘उरलेल्या आता आणू का?’ मी मामाजींना विचारलं.

‘आण,’ ते म्हणाले.

मी पेनड्राइव्हवर आणल्या. दहा मिनिटं लागली, मी म्हटलं होतं तशीच. मामाजींनी जिथे थांबलं होतं त्याच्या पुढचं पत्र उघडलं, त्याआधीचं स्वतःचंही उघडलं, दोन्ही दोनदा वाचली आणि रविवारी सकाळी सदरा घालून म्हणाले, चल. मी विचारलं नाही कुठे.

त्यांनी सोबत पाटी आणि खडू घेतला होता. पाटीवर एकच अक्षर, वीतभर उंचीचं काढून काकाजींसमोर धरलं. काकाजींनी मान या बाजूने तिरकी केली, त्या बाजूने केली, आणि नाही म्हणून हलवली. मामाजींनी पाटी खाली ठेवली. मी उठून जाणार होते, मला ते बघवत नव्हतं. मामाजी खाटेवर त्यांच्या शेजारी सरकून बसले. त्यांचा उजवा हात घेतला, उताणा आपल्या मांडीवर ठेवला, आणि बोटाने तळहातावर लिहायला लागले.

पहिली दोन-तीन अक्षरं काकाजींना कळलीच नाहीत. चौथ्याला त्यांचा चेहरा बदलला. ते एक एक अक्षर मोठ्याने बोलू लागले, मग शब्द. ‘रा... ज... राजस्थान... चे... तीन.’ काकाजींचीच चिठ्ठी ती, जिथे थांबलं होतं त्याच्या पुढची. मामाजींना घाई झाली होती. इतक्या दिवसांचं साचलेलं, किती सांगू आणि किती नको. त्यांचं बोट भरभर चालायला लागलं, अक्षरावर अक्षर पडायला लागलं. समोरून ट्रक जात होते आणि काकाजी त्यांच्याकडे बघत नव्हते.

त्यांनी आपली बोटं मिटून मामाजींचं बोट मुठीत धरलं.

‘हळू लिही ना बे,’ ते म्हणाले. ‘आता कोणतं टेशन येऊन राहिलं?’

मामाजींनी डोळे पुसले, काकाजींची मूठ उघडली, तळहातावरून एकदा हात फिरवला आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात केली.